सोबतिणीची श्रद्धा



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोनवर विचारलं, "मॅडम, विषय सरांच्या नावाला धरून आहे ना?" प्रश्न रास्त होता. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी उभं आयुष्य धर्मसुधारणेचा इतिहास शिकवण्यात घालवलं. मी त्यांची विद्यार्थिनी. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला आणि १८७३ साली सत्यशोधक समाज. या सहा वर्षांत केवढी मोठी दरी आहे, हे मी त्यांच्या वर्गात पहिल्यांदा ऐकलं आणि आज बावीस वर्षं माझ्या वर्गात सांगते आहे. म्हणून मी कार्यकर्त्यांना म्हटलं, "विषय सरांचाच आहे. उदाहरण तेवढं एका व्हिडिओ गेममधलं आहे."

त्या खेळाचं नाव 'ड्रॅगन एज'. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीनं तो बनवला. ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली, आणि ती स्थापन करणारे पेशानं डॉक्टर होते. 'ड्रॅगन एज'चा पहिला भाग, 'ओरिजिन्स', २००९ साली आला, दुसरा २०११ साली, तिसरा, 'इन्क्विझिशन', २०१४ साली आणि चौथा २०२४ साली. मी आज पहिल्या तीन भागांविषयी बोलणार आहे, कारण धर्मपीठ, त्यातली सुधारणा आणि ती घडवू पाहणारी माणसं यांची एक अखंड गोष्ट या तीन भागांत आहे. डेव्हिड गेडर हे या भागांचे प्रमुख लेखक.

मी या खेळापर्यंत माझ्या मुलीमुळे पोचले. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका रात्री पाणी प्यायला उठले तर हिच्या खोलीत उजेड. कीबोर्डवरचे हात काढून ती नुसतीच पडद्याकडे बघत बसली होती. मला म्हणाली, "आई, लेलियाना माझ्यावर उलटली. अगं, सगळ्यात चांगलं धनुष्य मी तिला दिलं होतं." मी विचारलं, "तू काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही. राखेत रक्त ओतलं."

त्या एका वाक्यामुळे मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. पुढचे दोन महिने बसत राहिले.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. या प्रकारच्या खेळात आपण एक पात्र घेतो आणि वाटेत आपल्याला सोबती भेटत जातात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एका वेळी तिघांना बरोबर घ्यायचं, बाकीचे तळावर थांबतात. रात्री तळावर शेकोटी पेटते आणि तिथे त्यांच्याशी बोलता येतं. आपण केलेली प्रत्येक मोठी गोष्ट त्यांना आवडते किंवा खटकते आणि त्याचा हिशेब खेळ ठेवत असतो. पुष्कळ खेळांत हे सोबती म्हणजे चालती-बोलती हत्यारं असतात. 'ड्रॅगन एज'मध्ये त्यांना मतं आहेत, आणि लेलियानाला तर श्रद्धा आहे.

ती श्रद्धा कशावर आहे हे समजायला त्या जगातला धर्म थोडा समजून घ्यावा लागेल. त्या जगाचं नाव थेडास. तिथल्या माणसांच्या धर्मपीठाला चॅन्ट्री म्हणतात. विश्वकर्त्याला ते मेकर म्हणतात आणि त्याची प्रेषित म्हणजे अँड्रास्टे नावाची एक स्त्री. जादूगारांचं टेव्हिंटर साम्राज्य आणि त्याची गुलामगिरी यांविरुद्ध तिनं उठाव केला. तिच्या नवऱ्यानं, मॅफेराथनं, तिला शत्रूच्या हवाली केलं आणि तिला जिवंत जाळण्यात आलं. चितेवर तिच्या यातना पाहवेनात म्हणून टेव्हिंटरच्या अधिपतीनंच, हेस्सेरियननं, तिच्यात तलवार खुपसून तिची सुटका केली. पुढे तोच तिचा अनुयायी झाला. फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कची आठवण कुणालाही व्हावी अशी ही कथा आहे. पुरुषानं दगा दिला म्हणून दक्षिणेकडच्या चॅन्ट्रीत पुरोहितपद फक्त स्त्रियांकडे. सर्वोच्च गादीवर बसणाऱ्या स्त्रीला डिव्हाइन म्हणतात. टेव्हिंटरची चॅन्ट्री यातून फुटून वेगळी झाली आणि तिथे गादीवर पुरुषही बसतो.

आता त्या धर्माची शिकवण. मेकरनं या जगाकडे पाठ फिरवली आहे. त्याचं स्तोत्र जगाच्या चारी कोपऱ्यांतून गायलं जाईल तेव्हाच तो परत वळेल. ही शिकवण दिसते तेवढी साधी नाही. देव रुसलेला आहे, आणि त्याला परत आणायचा एकमेव रस्ता आमच्या ताब्यात आहे, असं एखादी संस्था म्हणते, तेव्हा तिच्या हाती केवढी सत्ता येते हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको.

लेलियाना एका लहानशा गावातल्या चॅन्ट्रीत राहणारी साधी सेविका. त्याआधी ती ओर्ले देशात गाणारी हेर होती. सरदारांच्या मेजवान्यांत गायची आणि हुकूम आला की जीवही घ्यायची. जिनं तिला हे सगळं शिकवलं त्याच बाईनं तिचा घात केला. ती पळाली आणि चॅन्ट्रीच्या आसऱ्याला आली. तिथल्या बागेत गुलाबाचं एक झुडूप होतं, सगळ्यांनी मेलेलं म्हणून सोडून दिलेलं. एके दिवशी त्यावर एक फूल आलं. त्याच सुमारास तिला एक स्वप्न पडलं आणि मेकरनं आपल्याला काही सांगितलं अशी तिची खात्री झाली. मेकर गेलेला नाही, तो इथेच आहे, या फुलात आहे, असं ती म्हणू लागली. चॅन्ट्रीच्या दृष्टीनं हा पाखंड. बरोबरच्या सेविकांना ती वेडी वाटते. तरी ती चॅन्ट्री सोडत नाही, स्तोत्रं म्हणणंही सोडत नाही.

आपल्या सोबतिणीचा पहिला परिचय होतो तो हा असा. ती धर्माच्या आत आहे आणि धर्माच्या अधिकृत म्हणण्याशी तिचं पटत नाही.

आता त्या राखेकडे येते. पहिल्या भागात एका आजारी सरदाराला वाचवण्यासाठी अँड्रास्टेच्या अस्थींची राख शोधायची असते. डोंगरातल्या जुन्या मंदिरात तिच्यापर्यंत पोचण्याआधी परीक्षा द्याव्या लागतात. दारावर एक रक्षक उभा असतो. तो आपल्याला आणि बरोबरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, जिथे दुखतं तिथे बोट ठेवणारा. लेलियानाला तो विचारतो त्याचा आशय असा: ते स्वप्न तुला खरंच पडलं होतं, की त्या लहान गावात तुझ्याकडे कुणी बघत नव्हतं म्हणून तू ते रचलंस? ती चिडते. पण तिचं चिडणं ऐकताना वाटतं, हा प्रश्न तिनं स्वतःला आधीच अनेक रात्री विचारलेला असणार. शेवटच्या परीक्षेत अंगावरचं चिलखत, कपडे, शस्त्रं सगळं उतरवून आगीच्या भिंतीतून चालत जायचं. चौघंही तशीच उघडी, निःशस्त्र चालत जातात. पलीकडे पायऱ्या, आणि वर ते पात्र.

मंदिराच्या वाटेवर एक पंथ भेटलेला असतो. एका मादी ड्रॅगनलाच ते पुन्हा जन्मलेली अँड्रास्टे मानतात. त्यांचा म्होरक्या म्हणतो, या ड्रॅगनचं रक्त राखेत ओत, बदल्यात तुला एक नवी युद्धकला शिकवतो. माझ्या मुलीनं ते कबूल केलं. तिच्या लेखी ती राख म्हणजे खेळातली एक वस्तू होती आणि युद्धकला ही दुसरी, जास्त उपयोगाची वस्तू. तिनं रक्त ओतलं, आणि आत्ताच जिच्याबरोबर ती आगीतून चालून आली होती, त्या लेलियानानं धनुष्य तिच्यावर रोखलं.

मला विचाराल तर सगळ्या खेळातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. चांगलं धनुष्य देऊन मिळवलेली मैत्री इथे उपयोगी पडत नाही. कितीतरी वेळ माझी मुलगी म्हणत होती, "पण ती राख खरी आहे की नाही, हे तरी कुठे माहीत आहे?" आणि ते खरंच माहीत नाही. आपला ओग्रेन नावाचा बुटका सोबती त्याच मंदिरात म्हणतो की या डोंगरात लिरियमची शुद्ध शीर आहे. लिरियम म्हणजे जादूला बळ देणारं खनिज. म्हणजे राखेच्या चमत्काराचं कारण खडकातही असू शकतं. लेखकांनी ती शंका मुद्दाम तिथे ठेवली आहे, आणि लेलियानाचं बाण सोडणंही तिथेच ठेवलं आहे. त्या रात्री मी मुलीला म्हटलं, "राख खरी आहे का हा एक प्रश्न. पण तिला खरी वाटत होती, तुला ठाऊक होतं, आणि तू तिला बरोबर घेऊन तिच्यासमोर ती नासवलीस, हा दुसरा प्रश्न." ती काही बोलली नाही. तिनं जुना सेव्ह लोड केला.

दुसऱ्या भागात लेखकांनी हाच प्रश्न उलट बाजूनं टाकला आहे. त्या जगात जन्मतः जादू अंगी असलेल्या मुलांना घरातून उचलून सर्कल नावाच्या मनोऱ्यांत ठेवतात. टेम्प्लर नावाचे सैनिक डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर पहारा करतात. जो जादूगार परीक्षेला उतरणार नाही असं वाटतं, त्याला 'शांत' केलं जातं. त्याच्या कपाळावर सूर्याचा डाग देतात. त्यानंतर त्याला स्वप्नं पडत नाहीत, राग येत नाही, रडू येत नाही. तो हिशेब लिहितो, दुकान सांभाळतो, विचारलं तर आपण बरे आहोत असं सांगतो. हे सगळं चॅन्ट्रीच्या आशीर्वादानं चालतं.

कर्कवॉल नावाच्या शहरात अँडर्स हा जादूगार आपला सोबती असतो. तो गरिबांसाठी फुकट दवाखाना चालवतो. त्याच्या शरीरात न्याय नावाचा एक आत्मा वास करतो. वर्षं जातात. टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ दिवसेंदिवस कडक होत जाते. शहराची धर्मप्रमुख एल्थिना ही भली बाई, पण ती कोणाचीच बाजू घेत नाही. शेवटी अँडर्स आपल्याकडे येतो आणि म्हणतो, मला काही खनिजं गोळा करायची आहेत, मदत कर. कशासाठी, ते तो खरं सांगत नाही. आपण मित्र म्हणून मदत करतो. आणि एका संध्याकाळी चॅन्ट्रीची इमारत एल्थिनेसकट हवेत उडते.

त्यानंतर तो एका खोक्यावर आपल्याकडे पाठ करून बसतो. खेळ आपल्याला विचारतो: याला मारायचं, जाऊ द्यायचं, की बरोबर ठेवायचं? चॅन्ट्रीत दीक्षा घेतलेला दुसरा सोबती सेबॅस्टियन तिथेच उभा असतो. अँडर्स जिवंत राहिला तर तो आपल्याला कायमचा सोडून जातो आणि सैन्य घेऊन परत येण्याची शपथ घेतो.

वर्गात आम्ही सुधारणेचे मार्ग शिकवतो: आतून सुधारणा, बाहेर पडून सुधारणा, बंड. फळ्यावर तीन रकाने आखतो. अँडर्सच्या पाठीकडे बघताना मला माझे रकाने पुरेनासे झाले. त्याचा राग रास्त आहे. त्या मनोऱ्यांतली मुलं खरीच कोंडलेली आहेत. पण माझी फसवणूक करून त्यानं मला या खुनात सामील करून घेतलं, आणि जी बाई मध्यममार्ग धरून बसली होती तिला त्यानं ठार केलं, कारण मधे कुणी उरू नये अशीच त्याची इच्छा होती. मी मुलीला विचारलं, "तू काय करणार?" ती पाऊण तास निर्णय घेऊ शकली नाही. शेवटी तिनं त्याला जाऊ दिलं. मी असते तर बहुधा तसंच केलं असतं, पण खात्रीनं सांगू शकत नाही.

या स्फोटातून जादूगार आणि टेम्प्लर यांच्यात उघड युद्ध पेटतं. तिसरा भाग तिथून पुढे सुरू होतो. गादीवर जस्टिनिया पाचवी ही डिव्हाइन आहे, सुधारणेला अनुकूल. ती दोन्ही बाजूंना त्याच जुन्या राखेच्या मंदिरात वाटाघाटींसाठी एकत्र आणते. तिथे पुन्हा स्फोट होतो. जस्टिनिया मरते, तिच्याबरोबर दोन्हीकडची शहाणी माणसं मरतात, आणि आकाशाला भगदाड पडतं. त्यातून एकच माणूस जिवंत बाहेर येतो, तो म्हणजे आपण. आपल्या मागे एक तेजस्वी स्त्री दिसली असं लोक सांगतात, आणि एका रात्रीत आपण 'अँड्रास्टेचा दूत' होऊन बसतो. आपण कितीही नाकारलं तरी लोक हात जोडतात. खूप पुढे, एका स्वप्नभूमीत, आपली हरवलेली आठवण परत मिळते: ती स्त्री अँड्रास्टे नव्हती, ती जस्टिनिया होती. मरता मरता तिनं आपल्याला बाहेर ढकललं होतं.

म्हणजे चमत्कार खोटा ठरला. पण एक वृद्ध स्त्री स्वतः मागे राहून एका अनोळखी माणसाला वाचवते, हे खरं ठरलं. यातलं मोठं काय, हे खेळ सांगत नाही. आपल्याकडे श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांची चर्चा बहुतेक वेळा 'कारण सापडलं की श्रद्धा संपली' किंवा 'श्रद्धा आहे म्हणून कारण शोधू नका' या दोन टोकांवर अडकून पडते. या खेळाच्या लेखकांनी कारणही दाखवलं आणि कारण कळल्यानंतर माणूस काय करतो तेही दाखवलं.

याचं सर्वांत नितळ उदाहरण कॅसांड्राचं. ती सत्यशोधक आहे. हा शब्द मी विनाकारण वापरत नाही. ती ज्या पंथाची आहे त्याच्या नावाचा अर्थच सत्याचे शोधक असा आहे. टेम्प्लरांवर नजर ठेवणारा हा पंथ. त्याच्या दीक्षेसाठी तिनं एकांतात, उपवास आणि प्रार्थना करत, मन पूर्ण रितं होईपर्यंत दीर्घ साधना केली होती. त्याच्या शेवटी तिला काहीतरी स्पर्शून गेलं. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत पवित्र क्षण, आणि तिची सगळी श्रद्धा त्यावर उभी आहे. मग आपण तिच्याबरोबर केअर ऑसविन नावाच्या किल्ल्यात जातो. पंथाचा प्रमुख वेडाच्या भरात आपल्याच माणसांचा नाश करत असतो. त्याच्याकडून पंथाच्या गुपितांचा ग्रंथ तिच्या हाती येतो. ती तो वाचते आणि आपल्याला सांगते.

त्यात लिहिलेलं असं: ती साधना म्हणजे माणसाला 'शांत' करण्याचीच क्रिया. मन रितं झालं की श्रद्धेच्या आत्म्याला बोलावलं जातं, तो त्या मनाला शिवतो आणि माणूस परत येतो. म्हणजे तिला झालेला स्पर्श खरा होता, पण तो ज्याचा वाटला त्याचा नव्हता. आणि दुसरी गोष्ट याहून भयंकर: 'शांत' केलेल्या माणसाला परत आणता येतं हे पंथाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. कपाळावर डाग घेऊन दुकानं सांभाळणारी ती सगळी माणसं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते दडवलं, कारण उघड केलं असतं तर आपली सत्ता कशावर उभी आहे ते दिसलं असतं.

कॅसांड्राला कशाचा जास्त त्रास होतो बघा. आपला साक्षात्कार समजावून सांगता येतो, यानं ती हलते, पण मोडत नाही. ती मोडायला येते ती त्या दडवण्यानं. माझ्या मते श्रद्धावान सुधारकाची खरी ओळख इथे आहे. त्याचा रोख देवावर नसतो, देवाच्या नावावर चाललेल्या लपवाछपवीवर असतो. न्यायमूर्ती रानडे आणि महात्मा फुले यांच्यात हजार मतभेद होते, आणि फुल्यांनी रानड्यांच्या वर्तुळाला चार शब्द सुनावलेही होते. पण 'निर्मिक' मानणाऱ्या फुल्यांनी पुरोहितशाहीवर जो हल्ला चढवला, तो देव मानणाऱ्या माणसाचा हल्ला होता. कॅसांड्राला ही जात लगेच ओळखू आली असती.

या भागात नऊ सोबती आणि तीन सल्लागार आहेत. लेलियाना आता आपली सल्लागार आहे, हेरखात्याची प्रमुख. जस्टिनियानंच तिला एकेकाळी कैदेतून सोडवलं होतं. पुढे तिनं लेलियानाला आपला 'डावा हात' केलं, म्हणजे पडद्याआडची कामं करणारा हात. कॅसांड्रा उजवा हात. आता जस्टिनिया गेली आहे आणि लेलियानाच्या देवाशी चालणाऱ्या गोड गोष्टी संपल्या आहेत. हेवन नावाच्या गावात तिचा तंबू आहे. आत शिरलं की ती मेकरशी भांडत असते: आयुष्यभर तुझी सेवा करणाऱ्या बाईला तू हे काय दिलंस? गुलाबाचं फूल बघून ज्या मुलीला देव दिसला, तीच ही.

तेव्हाच तिच्या एका हेरानं दगा देऊन दुसऱ्याचा जीव घेतल्याची बातमी येते. ती थंडपणे त्याला मारायचा हुकूम देते. आपण तिथेच उभे असतो. मधे बोलायचं की नाही, हे आपल्यावर. बहुतेक खेळाडू इथे गप्प बसत असावेत. हेरखातं तिचं, आपण कशाला पडा. माझ्या मुलीनं थांबवलं. ती म्हणाली, "तिला मागच्या वेळी मी दुखावलंय."

पुढे व्हॅलेन्स नावाच्या ठिकाणी लेलियाना जस्टिनियाची एक शेवटची पेटी शोधायला जाते. तिथे तिची जुनी मैत्रीण नॅटली भेटते, आणि तीही विरोधकांना सामील झालेली असते. लेलियाना तिच्या गळ्याला सुरी लावते. ऐन वेळी आपण कितीही 'सोडून दे' म्हटलं, तरी आधी तिला कठोरच होऊ दिलं असेल तर ती ऐकत नाही. आधी कधी तरी तिच्या दुःखाची विचारपूस केली असेल, तर तिचा हात खाली येतो. मग ती पेटी उघडते. पेटी रिकामी. झाकणाच्या आत जस्टिनियाचा निरोप कोरलेला असतो: डाव्या हातानं आता ओझं खाली ठेवावं. ज्या बाईनं तिला शस्त्रासारखं वापरलं, त्याच बाईनं मरण्याआधी तिला मोकळं केलं होतं. इथे मी माझ्या मुलीकडे पाहिलं नाही, कारण मला माझेच डोळे पुसायचे होते.

आता गादी रिकामी आहे आणि नवी डिव्हाइन निवडायची आहे. तीन नावं पुढे येतात: कॅसांड्रा, लेलियाना आणि व्हिव्हिएन. व्हिव्हिएन स्वतः जादूगार आहे, राजदरबारात वावरलेली, आणि तरीही सर्कल परत उभी करावीत असं तिचं ठाम मत. तिचं म्हणणं सोपं समजू नका. बेबंद जादूनं काय होतं ते तिनं पाहिलं आहे, आणि संस्थेत राहून वर चढलेल्या माणसाला संस्थेचं मोल कळतं. कॅसांड्रा जुनं मोडत नाही, पण डागडुजी प्रामाणिकपणे करते. लेलियाना सगळ्यांत पुढे जाते: सर्कल बंद, आणि पुरोहितपद एल्फ, बुटके, सगळ्या वंशांना खुलं. आपल्या वागण्यातून तिघींच्या पारड्यांत वजन पडत जातं, आणि एकजण गादीवर बसते. तिघींपैकी कुणीही बसली तरी तिचं नाव व्हिक्टोरिया.

लेलियाना गादीवर बसली तर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. सुधारणा तीच, फर्मानं तीच. पण तिच्या दुःखात तिला कुणी सावरलं असेल, तर विरोधकांना ती करुणेनं जिंकते. नसेल सावरलं, तर विरोधक एकेक करून मरतात. धर्मपीठाची सगळी सुधारणा त्या तंबूतल्या दोन वाक्यांवर येऊन ठेपते. मी बावीस वर्षं सुधारणेची कारणं शिकवते: छापखाना, इंग्रजी शिक्षण, मिशनरी, जातींचं बदलतं अर्थकारण. यातलं एकही कारण मी मागे घेत नाही. पण सुधारकाच्या घरात, त्याच्या शोकाच्या दिवसांत, त्याच्याजवळ कोण बसलं होतं, हा प्रश्न मी कधी परीक्षेत विचारला नाही. आता विचारणार आहे.

एवढं कौतुक केल्यावर या खेळाविषयीची माझी तक्रारही सांगितली पाहिजे. मी ती गांभीर्यानं मांडते, कारण सर इथे असते तर त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं असतं. या खेळात सुधारणा वरून येते. एल्फ हा त्या जगातला पिळला गेलेला समाज. शहरांत त्यांची वस्ती भिंतीआड, कामं हलकी. अँड्रास्टेच्या खांद्याला खांदा लावून शार्टन नावाचा एक एल्फ गुलाम लढला होता. त्याच्या नावाचं स्तोत्र धर्मग्रंथात होतं. पुढे चॅन्ट्रीनं एल्फांवर धर्मयुद्ध पुकारलं आणि ते स्तोत्र ग्रंथातून काढून टाकलं. २०१५ साली आलेल्या 'जॉज ऑफ हॅकॉन' या पुरवणी भागात तर आपण आपल्याआधीच्या शेवटच्या इन्क्विझिटरचा, अमेरिडनचा, शोध घेतो आणि कळतं की ज्याला चॅन्ट्री मानव वीर म्हणून पूजते तो एल्फ होता आणि जादूगारही होता. तो एल्फांच्या देवांनाही भजत होता आणि अँड्रास्टेलाही, आणि यात त्याला काही अडचण वाटत नव्हती. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला लईराई देवीची बहीण मानून फेस्ताला जाणाऱ्या गोव्यातल्या हिंदूंना ती वाटली नसतीच.

पण मग या एल्फांना त्यांचं स्तोत्र, त्यांचा वीर, त्यांचं पुरोहितपद कोण परत देतं? एक मानव डिव्हाइन, फर्मान काढून. आणि ते मिळेल की नाही हे ठरतं तीन मानव स्त्रियांपैकी कोण जिंकते यावर. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासमोर जे लोक उभे राहिले, ते कुणाच्या फर्मानाची वाट बघत नव्हते. आणि १९३५ साली येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे जाहीर केलं, ते दार उघडायला नकार देणाऱ्या घराकडे पाठ फिरवणं होतं. कोंडलेल्या माणसाचा स्वतःचा निर्णय काय, याला 'ड्रॅगन एज'मध्ये फार थोडी जागा आहे. अँडर्सला ती मिळाली, तर ती फक्त स्फोटाची मिळाली. हा त्या लेखकांचा आळस आहे असं मी म्हणणार नाही. खेळाची रचनाच अशी की सगळ्यांचं भवितव्य एका नायकाच्या हाती. पण ज्या मातीत आपण वाढलो, तिथून बघताना ही उणीव डोळ्यांआड करता येत नाही, आणि करू नये.

शेवटचं सांगते. माझ्या मुलीचा तो पहिला सेव्ह, रक्त ओतल्यानंतरचा, तिनं अजून पुसलेला नाही. जुना लोड करून पुढे गेली, तरी तो फोल्डरमध्ये तसाच ठेवला आहे. का, ते मी विचारलं नाही.

इथे बसलेल्या आईवडिलांना, आजी-आजोबांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी तरुण मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळत असेल, तर आज घरी गेल्यावर "बंद कर ते" म्हणण्याआधी खुर्ची ओढून शेजारी बसा. फार काही विचारू नका. एवढंच विचारा, "लेलियाना कुठे आहे? तिच्याशी बोललास का?"